एका हाताचा खटला

माझगाव

वऱ्हाडात जाऊन आलो असे सांगितले की मुंबईचे लोक हल्ली एकच प्रश्न विचारतात. तिकडे म्हणे बैलांच्या शिंगांना चांदी लावतात, खरे का? खरे आहे, मी पाहिली. अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत जे उगवते त्याच्यामागे सगळे जग धावत सुटले. पण मी ती चांदी पाहायला गेलो नव्हतो. एका मित्राचा खटला होता म्हणून गेलो. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी जातीने सुतार, मूळचा राजापूरकडचा. माझगावच्या एका ओतशाळेत लोखंड ओतायचे लाकडी साचे करतो. लहानपणी पाद्र्यांच्या शाळेत गेलो, म्हणून इंग्रजी समजते आणि गरजेपुरते बोलताही येते. आमच्या ओतशाळेत कोण नाही? कोकणातले आम्ही, गोव्याचे दोघे, काठेवाडचे लोहार, एक अरब, आणि जुमा. जुमा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. पोरवयात त्याला पकडून, विकून, गलबतात घातले होते. वाटेत इंग्रजांच्या लढाऊ जहाजाने ते गलबत धरले आणि आतल्या माणसांना मुंबईस आणून सोडले. भट्टीपुढे त्याच्यासारखा माणूस नाही. त्याच भट्टीवर राणू माळी त्याच्या जोडीला होता. राणू वऱ्हाडातला, नांदगाव खंडेश्वराकडचा. घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचे, पण याला लोखंडाचा नाद. अमरावतीस कापसाच्या गाठी बांधण्याचा कारखाना, म्हणजे प्रेस, निघाला आणि यंत्र ओळखणारा माणूस हवा झाला, तेव्हा तो घराकडे परत गेला. जाताना जुमाला म्हणाला, "येजो बरं आमच्या गावाले. हुरडा खाऊ घालतो तुले."

पुढे एका सकाळी गाठींबरोबर आलेला वऱ्हाडचा एक गडी आमची ओतशाळा विचारत आला. त्याला आत घेतले, पाणी दिले. तो उभ्यानेच म्हणाला, "राणूले धरलं जी. प्रेसच्या सायबाचा हात मोडला, थे राणूनं मोडला म्हनतात. सोनबा हमाल मेला, त्याचं कोनी बोलूनच नाई राहिलं."

त्या दुपारी आम्ही सगळे कोळशाच्या ढिगाजवळ बसलो. जुमा म्हणाला, "मैं जाऊंगा." मला इंग्रजी येत होते म्हणून मीही जावे असे ठरले. आमच्या दोघांच्या वाट्याचे काम बाकीच्यांनी आपसात वाटून घेतले. अरबाला मराठी नीट येत नाही. तो नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे

रेल्वे त्या वेळी खानदेशापर्यंतच होती. पुढे बैलगाडी. आगगाडीचा धूर आणि बैलगाडीचे हादरे यांचे वर्णन करत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीचे मात्र सांगितले पाहिजे. आमच्या कोकणात माती लाल, आणि डोंगर सतत डोळ्यांपुढे उभा. इथे नजर जाते तिथपर्यंत सपाट, आणि माती अशी काळी की पेरणीच्या वेळी ओली कशी दिसत असेल याचा विचार मनात येतो. पौषातली थंडी कोरडी असते, ओठ फुटतात. कापूस वेचायला बायकांच्या रांगाच्या रांगा शेतात. समोरून गाठींनी लादलेल्या गाड्यांचा तांडा आला की आमच्या गाडीने वाट सोडून शेतात उतरायचे. त्या गाड्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चमकत.

मूर्तिजापूरच्या अलीकडे आमच्या गाडीचा आस मोडला. जवळच्या गावात लोहाराचा भाता होता, पण लोहार लग्नाला गेलेला. जुमाने अंगरखा काढला, लोहाराच्या बायकोची परवानगी घेतली आणि आस स्वतःच सांधायला बसला. सगळे गाव जमले. एका म्हातारीने त्याच्या दंडावरून बोट फिरवले आणि ते बोट उजेडात धरून पाहिले.

"रंग निघत नाई बाप्पा," ती म्हणाली.

"नहीं निकलता, माई," जुमा म्हणाला. "मी पण लई धुतला."

लोक हसले, तोही हसला. तिथला एक शेतकरी आमच्या गाडीवानाच्या ओळखीचा निघाला, त्याने शेतात नेऊन आम्हाला हुरडा दिला. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगीत भाजलेली कोवळी कणसे, तळहातावर चोळायची, गरम हिरवे दाणे, सोबत लसणाची चटणी. मी आयुष्यात इतके गोड धान्य खाल्ले नव्हते. जुमाने एकही दाणा तोंडात टाकला नाही.

शेतकरी म्हणाला, "काहून जी? आवडत नाई?"

"राणूने बोलावलं होतं," जुमा म्हणाला. "त्याच्याकडे खाईन."

शेतकऱ्याला राणू कोण ते ठाऊक नव्हते. मी सांगितले. त्याने आग उकरली आणि म्हणाला, "गोऱ्यासंग खटला हाय त जपून राहा भाऊ."

पुण्याच्या माणसाला वऱ्हाडी बोलणे उद्धट वाटते असे ऐकले होते. मला तसे वाटले नाही. ते लोक आडून बोलत नाहीत एवढेच.

अमरावती

राणूची थोरली बहीण जानकीबाई अमरावतीच्या बाहेर, विहिरीकाठी, वांगी आणि मेथी पिकवून राहते. नवरा मळा राखतो, ती बाजारात टोपली घेऊन बसते. आम्ही पोचलो तेव्हा ती मेथीच्या जुड्या बांधत होती. आम्ही कोण ते कळल्यावर तिने जुडी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. रडणे आवरल्यावर पहिला प्रश्न केला, "जेवले का?"

ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. मला ओसरीत बसवले. जुमाचे पान अंगणात, झाडाखाली. यात मला नवल वाटले नाही; आमच्या ओतशाळेतही भाकरीच्या वेळी जो तो आपापल्या जातीकडे तोंड करून बसतो. मी माझे पान उचलले आणि अंगणात जाऊन जुमाशेजारी बसलो. जानकीबाई दारात थबकली. भाकर वाढायला दोघांकडे सारखी येत राहिली.

झालेली हकिकत तिच्याकडून, आणि मग कारखान्यातल्या लोकांकडून समजली ती अशी. गाठी दाबण्याच्या यंत्राला मधोमध एक जाड खांब असतो. त्याला आडवे दांडे खोचलेले. माणसे त्या दांड्यांना छाती लावून गोल गोल फिरतात, तसा वरून पाट खाली येतो आणि कापूस दाबला जातो. दाबलेला कापूस उलट जोर करतो. दांडे मागे फिरू नयेत म्हणून एक लोखंडी खटका दात्यांत अडकतो. तो खटका राणूच्या ताब्यात. खटक्याचा दात झिजला होता. त्या दिवशी गाड्या बाहेर खोळंबलेल्या, साहेबाला घाई. राणू म्हणाला, आता आवळू नका, खटका धरत नाही. साहेबाने त्याला बाजूला ढकलले आणि अजून एक फेरा घ्यायचा हुकूम केला. खटका निसटला. दांडे उलटे फिरले. एक दांडा सोनबा हमालाच्या छातीत बसला, दुसऱ्याने साहेबाचा हात मोडला. सोनबा तिथेच गेला. साहेबाने शुद्धीवर आल्यावर सांगितले, राणूने खटक्याला मुद्दाम लाथ मारली.

"त्या कारखान्यात एक गोरा हाय," जानकीबाईचा नवरा म्हणाला. "हरीसाहेब. थो राणूच्या बाजूनं बोलतो म्हनते."

दुसऱ्या दिवशी आम्ही हरीसाहेबाला भेटलो. नाव हॅरी, लोकांनी हरी करून टाकले होते. यंत्रे जोडायला आणि दुरुस्त करायला आलेला कारागीर. उंच, हडकुळा, लाल केसांचा, मोडकी हिंदुस्थानी बोलणारा. मी 'साहेब' म्हणताच म्हणाला, "साब नहीं. मैं भी हथौड़ेवाला." मग माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला. खटका झिजल्याचे त्याने साहेबाला वारंवार सांगितले होते. नवा खटका मुंबईहून येईपर्यंत यंत्र बंद ठेवायला साहेब तयार नव्हता.

"कोर्टात हे सांगाल?" मी विचारले.

"सांगणारच. खटका मी रोज हाताने पाहत होतो."

त्याचे गाव लँकशायरात, कापडगिरण्यांचे. कापूस आला नाही म्हणून गिरण्या बंद पडल्या आणि तो पोटासाठी इकडे आला. घरी बायको होती. सूत बंद झाले, चूल बंद झाली, शेजारी दोन तान्ही मुले गेली, असे तो सांगत होता. मग म्हणाला, "काही मोठे लोक म्हणत होते, इंग्लंडने अमेरिकेतल्या गुलाम ठेवणाऱ्यांना मदत करावी, म्हणजे कापूस येईल. आम्ही गिरणीतले कामगार सभेसाठी एका मोठ्या दिवाणखान्यात जमलो. पोट रिकामे होते. ठराव आला की गुलाम सोडवणाऱ्यांचा जय होवो, कापूस न आला तरी चालेल. माझ्या बायकोने माझ्याआधी हात वर केला."

मी हे जुमाला सांगितले. त्याने मला पुन्हा सांगायला लावले.

"भुके थे?" त्याने हॅरीलाच विचारले. "हमारे वास्ते?"

हॅरी म्हणाला, "सब नहीं. कोई लोग गाली भी दिया. पर बहुत लोग."

 जवळ हॅरीच्या हत्यारांची पेटी होती. तिच्यातली कानस जुमाने उचलली, बोटाने तिचे दाते पाहिले आणि पुन्हा जागेवर ठेवली. मळ्याकडे परतताना तो मला म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं आमचं कोणाला ठाऊकच नाही."

हॅरी त्या संध्याकाळी मळ्यावर आला. जानकीबाईने वाढलेला ठेचा त्याने भाजी समजून भाकरीवर भरपूर घेतला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, चेहरा केसांसारखा लाल, आणि तोंडाने, "अच्छा, बहुत अच्छा." किती दिवसांनी जानकीबाई हसली असेल कोण जाणे. त्या हसण्याने माझ्या मनात आशा उत्पन्न झाली. हे आता लिहिताना जड जाते.

कचेरी

खटला इंग्रज अंमलदारापुढे होता. कचेरीबाहेर कडुनिंबाखाली कारखान्यातले हमाल, गाडीवाले, रुई पिंजणाऱ्या बायका, कुणबी, महार, मुसलमान, सगळे बसलेले. आत साहेबाला खुर्ची दिली होती. त्याचा हात पांढऱ्या झोळीत. राणू उभा, पायांत बेड्या. तो वाळला होता. आम्हाला पाहून त्याचे डोळे आधी मोठे झाले आणि मग त्याने मान खाली घातली. जुमाने हात वर केला तो शिपायाने खाली दाबला.

हमालांनी साक्षी दिल्या. राणूने लाथ मारली नाही, साहेबाने त्याला ढकलले, असे प्रत्येकाने सांगितले. अंमलदार म्हणाला, "सगळे एकच बोलतात, म्हणजे शिकवून आणलेले आहेत." एकाची जबानी थोडी वेगळी पडली, तेव्हा म्हणाला, "हे आपसातही जुळत नाहीत."

मग सोनबाची बायको भागी. अंगावर विटके लुगडे, कपाळ पांढरे. दुभाष्याने विचारले, राणूचे आणि साहेबाचे भांडण होते काय?

"मले नाई ठाव. म्या तठी नव्हती."

"मग साक्षीला कशाला आलीस?"

भागीने हात जोडले. "सरकार, सकाळपासून आयकून राहिली. सायबाचा हात, सायबाचा हात. माहा मानूस मेला. त्याचं नाव बी कोनी घेत नाई. त्याचं नाव लिवा ना जी."

"काय नाव?" दुभाष्याने विचारले.

 आमच्याकडे बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, वऱ्हाडातही घेत नाही. गेलेल्याचे तर नाहीच. तिने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटले, "सोनबा." बाहेर बसलेल्या बायकांमधून एक हुंदका आला.

अंमलदार इंग्रजीत म्हणाला, "त्या हमालाचा मृत्यू अपघाती म्हणून नोंदला आहे. आजचा प्रश्न तो नाही." दुभाष्याने तिला फक्त एवढेच सांगितले, "जा."

एका हाताचा खटला चालू होता. एका माणसाचा कधी झालाच नाही.

जुमाला पुकारले. राणू कसा माणूस आहे ते सांगायला तो इतक्या लांबून आला होता. काय बोलायचे याची रोज पहाटे विहिरीवर मनाशी जुळवणी करत असे. अंमलदाराने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. हा कोण? कुठल्या मुलखाचा? कोणत्या धर्मग्रंथावर शपथ घेणार? जुमा म्हणाला, "जो किताब दोगे उसपर. सच वही रहेगा." अंमलदाराने लेखणीच्या टोकाने दाराकडे खूण केली. हा माणूस त्या दिवशी कारखान्यात नव्हता, साक्षीची गरज नाही. जुमाचे तोंड उघडेच राहिले. त्याला बाहेर नेले.

शेवटी हॅरी. त्याने टोपी काढली, शपथ घेतली, आणि खटक्याविषयी सगळे सांगितले. दात कुठे झिजला, साहेबाला केव्हा केव्हा सांगितले. खटका कसा निसटतो ते दाखवण्यासाठी त्याने हाताची बोटे एकमेकांत अडकवली आणि सोडवली. अंमलदाराने विचारले, "तू स्वतःच्या देशबांधवाविरुद्ध या लोकांची बाजू घेतोस?"

हॅरी म्हणाला, "महाराज, खटका कोणाचाच देशबांधव नाही. झिजला होता, निसटला."

"मालकाविरुद्ध तुझी काही तक्रार होती?"

"होती. खटक्याचीच."

अंमलदाराने ते लिहून घेतले. निकालात हॅरीची साक्ष तक्रारखोर कामगाराची म्हणून बाजूला पडली. एतद्देशीयांच्या साक्षी अविश्वसनीय ठरल्या. राणूला सात वर्षे सक्तमजुरी. दुभाष्याने सांगितल्यावर राणूने विचारले, "कायची?" म्हणजे कशाची. शिपाई त्याला घेऊन गेले.

जुमा कडुनिंबाखाली एकटा बसला होता. मी सांगितले. तो म्हणाला, "मला गोऱ्यानेच सोडवलं होतं. साखळी त्याच्याच लोकांनी तोडली, मी पाहिलं. म्हणून वाटलं, हा पण गोरा आहे, हा पण ऐकेल."

बंद कारखाना

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कोणी गेले नाही. कोणी कोणाला निरोप दिला असे नाही. दांडे ढकलणारे आलेच नाहीत. गाडीवाल्यांनी गाठी उतरवल्या नाहीत. बायका रुईच्या ढिगाकडे पाठ करून रस्त्याकडेला बसल्या. त्यांच्यात हॅरीही जाऊन बसला. शेजारी एक गाडीवान होता, त्याने त्याला तंबाखू दिली. कारखान्याचा साहेब झोळीतला हात सांभाळत बाहेर आला आणि हॅरीला आत ये म्हणाला. हॅरी म्हणाला, खटका बदला, आणि राणूने लाथ मारली नाही हे कचेरीत जाऊन सांगा. साहेब आत गेला. थोड्या वेळाने हॅरीची हत्यारांची पेटी एका शिपायाने फाटकाबाहेर आणून ठेवली. नोकरी आणि खोली, दोन्ही गेली.

तो मळ्यावर राहायला आला. जानकीबाईने विहिरीजवळची झोपडी त्याला दिली. त्या दिवशी जेवायला तिने आम्हा तिघांना ओसरीत बोलावले, जुमालाही. नवऱ्याने तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "माह्या भावासाठी आले थे. आता कोन बाहेर अन् कोन घरात?"

यंत्र काही दिवस बंद राहिले. शहरातल्या लोकांना त्याची कुरकुर नसणे जाणवत असे. मग मोर्शीकडून आणि आणखी कुठून कुठून गाड्या भरून माणसे आणली. दुष्काळी गावची, गरजू माणसे. त्यांना कशाचीच कल्पना नव्हती. पोलीस फाटकावर उभे राहिले. सकाळी कुरकुर पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही मळ्यात होतो. जानकीबाई वांगी तोडत होती. तिने हात थांबवला, ऐकले, आणि पुन्हा तोडू लागली. आमचे लोक एक एक करून परत कामावर गेले. मी त्यांना नाव ठेवत नाही. घरी पोरे होती.

अकोला

राणूला अकोल्याच्या तुरुंगात नेले. निकाल देणाऱ्या अंमलदाराहून वरचा साहेब तेव्हा अकोल्यास मोर्णेच्या काठी तंबू ठोकून होता, म्हणून आम्हीही अकोल्यास गेलो. मी, जुमा, हॅरी आणि जानकीबाई. अर्ज मी लिहिला होता, चांगल्या इंग्रजीत, हॅरीने चुका काढून दिल्या. तंबूबाहेर बाभळीच्या सावलीत आम्ही तिष्ठत बसलो. नदीला पाणी थोडे; धोबी दगडांवर कपडे आपटत होते. जानकीबाईने फडक्यात बांधून आणलेल्या भाकरी कोणी खाल्ल्या नाहीत.

आत बोलावले ते हॅरीला आणि मला. साहेब वागायला सभ्य होता. अर्ज वाचला, घडी घातली. निकालात हात घालण्याजोगे काही दिसत नाही, म्हणाला. तेव्हा हॅरी पुढे झाला. "मग मी दुसरी फिर्याद देतो. सोनबा नावाच्या माणसाच्या मृत्यूची. झिजलेल्या खटक्यावर काम करायला लावून त्याला मारले."

"तू त्याचा कोण?"

"आम्ही एकाच यंत्रावर होतो."

साहेबाने त्याच्याकडे थोडी दया आल्यासारखे पाहिले. "घरी जा," तो म्हणाला. "हा देश तुला सोसलेला दिसत नाही."

तुरुंगाच्या दारावर मला आणि जुमाला शिपायांनी हाकलले. हॅरीने दरडावून इंग्रजीत दोन शब्द टाकले तेव्हा दार उघडले. त्याच्या गोऱ्या चेहऱ्याने वऱ्हाडात आमचे तेवढे एक काम केले, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

राणू कुंपणाजवळ गिट्टी फोडत होता. पायांत बेडी, अंगात तुरुंगाचा जाड कुडता. जानकीबाईने भाकर पुढे केली, ती शिपायाने घेऊ दिली नाही. ती भावाला नुसती पाहत उभी राहिली.

जुमा म्हणाला, "राणू, मी आलो होतो. मला बोलू दिलं नाही."

"पाह्यलं म्या," राणू म्हणाला. "तू आला थेच लई झालं, जुमा. हुरडा खाल्ला का?"

जुमाने मान डोलावली. खोटे बोलायला त्याला फार कष्ट पडले असावेत.

मग राणूने हॅरीला विचारले, "खटका बदलला का जी?"

"नहीं," हॅरी म्हणाला. "वही है. काम चालू है."

राणूच्या हातातला हातोडा खाली आला. तो माझ्याकडे वळला. "मंग थ्या नव्या लोकाईले सांगा भाऊ. दांड्यापुढं छाती देऊ नोका म्हना. बाजूनं ढकला. निसटला त हातावर निभावते." शिपाई वेळ संपली म्हणाला. राणू ओरडून सांगत राहिला, "बाजूनं म्हना! इसरू नोका!"

जानकीबाई तिथून एकटीच अमरावतीकडे परतली. कारखान्याच्या फाटकावर भाजीची टोपली घेऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हमालाला ते सांगते, असे पुढे कळले.

बंदर

हॅरी आमच्याबरोबर मुंबईस आला. जहाज मिळेपर्यंत तो आमच्या ओतशाळेतच राहिला, आणि फुकट राहणार नाही म्हणून भट्टीवर राबला. राणूच्या जागेवर, जुमाच्या जोडीला. निघायच्या दिवशी आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. अरबाने खजूर आणले होते. हॅरी म्हणाला, गावी गेल्यावर त्या दिवाणखान्यात पुन्हा सभा भरवणार. तिथल्या लोकांना सांगणार की ज्या कापसावाचून आपण उपाशी राहिलो तो कापूस आता कसा दाबला जातो. आणि राणूला सोडा असा अर्ज करणार, सगळ्यांच्या सह्यांनी.

"नावं नीट सांग," जुमा म्हणाला. "बोल."

"रानू."

"राणू. जीभ वर लाव."

जहाजाची घंटा होईपर्यंत जुमाने त्याच्याकडून दोन्ही नावे घोकून घेतली. राणू. सोनबा. शेवटी त्याला ती वऱ्हाड्यासारखी म्हणता येऊ लागली. होडीत बसल्यावरही त्याचे ओठ हलत होते.

त्या पावसाळ्यात अकोल्याच्या तुरुंगात पटकीची साथ शिरली. राणू गेला. जानकीबाईचा नवरा दिवाळीनंतर मुंबईस आला, तेव्हा आम्हाला समजले. अंत्यविधी तुरुंगवाल्यांनीच उरकला होता. कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हते. जुमाने ते ऐकले, भट्टीचे तोंड बंद केले आणि बाहेर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही एकेक करून त्याच्यामागे जाऊन उभे राहिलो. मालकाने खिडकीतून पाहिले, हाक मारली नाही.

हॅरीचे गाव लँकशायरात आहे एवढेच आम्हाला माहीत. गावाचे नाव त्याने सांगितले होते, ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात राहिले नाही. त्यामुळे त्याला कळवता आले नाही. तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा दिवाणखान्यात, आम्ही कधी न पाहिलेले लोक, राणू माळ्याला सोडा म्हणून अजून सह्या करत असतील.